ब्रुनोच्या तोंडातली चप्पल

मित्रांनो, मुलगी लग्न होऊन सासरी गेली. तिच्या लॅब्राडॉरला, ब्रुनोला, घरात करमेना, म्हणून शेतावर पाठवायचं ठरलं. आज दुपारी तीर्थपुरीचा मेहुणा त्याला न्यायला आला.

ब्रुनो लगेच त्याच्या पायावर रेलून बसला. मेहुणा हसला, "दाजी, ह्याला तर कोणीबी चालतंय!"

तेवढ्यात रस्त्यावर मुलीच्या स्कूटीसारखा आवाज आला. ब्रुनो आत धावला आणि तिची जुनी चप्पल तोंडात धरून फाटकाशी उभा राहिला. घरी येणाऱ्याच्या हाती काहीतरी द्यायचं, हे या कुत्र्यांचं स्वागतच असतं. पण ती चप्पल तो आम्हाला कधी देत नाही.

स्कूटी पुढे निघून गेली.

बायको मेहुण्याला म्हणाली, "न्हाई पाठवायचं ह्याला. पोरीची वाट बघायला मला सोबत पाहिजे."

सगळ्यांना जीव लावणाऱ्याला एका माणसाची उणीव भासत नाही, असं पुन्हा कुणी म्हणाल का?