आजीनं राखलेलं शेत

माझ्या वडिलांचा, आबांचा, अख्खा जन्म सुरतेत लिंबायतला कापडाच्या लूमवर गेला. आता पंचाहत्तरी उलटली. आईबद्दल ते एकच वाक्य बोलत, तेही अहिराणीत: "माय माले सोडी गयी." त्यांचे वडील वारले तेव्हा आबा तीन-चार वर्षांचे. पुढं आईचा दुसऱ्या गावी पाट लागला, म्हणजे दुसरं लग्न झालं, आणि आबा खान्देशातच काकांकडे राहिले.

गेल्या वर्षी भाऊबंदांनी जमिनीच्या वारसनोंदीसाठी वंशावळ मागितली. आजीचं नाव काय लिहू, असं विचारलं तर आबांना सांगता येईना. विचारपूस करता करता कळलं, आजीची दुसऱ्या घरची मुलगी इथंच, पर्वत पाटियाला राहते. मी आबांना घेऊन गेले.

आत्या साडीला लेस लावत होती. उठून आबांच्या पाया पडली. आबांनी चहाही घेतला नाही. म्हणाले, "मला का नाही नेलं तिनं?"

"न्यायचं होतं, दादा. पण तुमचे काका म्हणाले, पाट लावला की नवऱ्याच्या जमिनीतला तुझा हक्क गेला. पोराला नेलंस तर त्याचाही जाईल. तुमचं शेत राहावं म्हणून ठेवलं तिनं तुम्हाला."

ते शेत काकांनीच कसलं. मिसरूड फुटायच्या आत आबा सुरतेला आले होते.

मी तिथूनच वारसनोंदीचं काम बघणाऱ्या तालुक्याच्या वकिलांना फोन लावला, स्पीकरवर. ते म्हणाले, "त्या काळी विधवेनं पुन्हा लग्न केलं की तिचा हक्क संपायचा, हे खरं. मुलाचा नाही. तो अज्ञान, म्हणजे वयानं लहान, म्हणून पालनकर्त्याचं नाव लागायचं, एवढंच. हिस्सा त्याचाच, मग तो कुठंही वाढो."

"म्हणजे नेलं असतं तरी चाललं असतं?" आबांनी विचारलं.

"हो, चाललं असतं."

आत्या रडू लागली. आबा माझ्याकडे बघत राहिले, जणू यावर काही इलाज मला ठाऊक असावा. मी उगाच विचारलं, "आत्या, आजीचं नाव काय होतं?"

तिनं सांगितलं, मग थांबली. "पण हे आमच्या घरचं. पाट लागल्यावर बदललेलं. तुमच्या घरी काय म्हणत, ते तिनं कधी सांगितलं नाही."

परतताना रिक्षात आबा म्हणाले, "तिले कोणी सांगाले पाहिजे व्हतं."