शरयूकाकू आणि क्लाराचं घर

मे महिन्यात एकदा तरी शरयूकाकू वर्गातला एसी बंद करायच्या. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात मुलं लगेच कासावीस होत. मग खिडकीला ओली चादर बांधून त्या विचारत, "आता सांगा, एसी नव्हता तेव्हा राहिला असता का तुम्ही इथे?" माझी मुलगी इरा घरी येऊन म्हणाली होती, "बाबा, शी इज क्रेझी. बट आय लाइक हर."

काकू मूळच्या नागपूरच्या. चँडलरजवळच्या आमच्या लहानशा गावात त्यांनी निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवला. या वाळवंटात कापूस पिकवायला आलेल्या कुटुंबांचं जगणं कुणी नोंदवलं नव्हतं. काकू म्हाताऱ्या माणसांच्या ओसरीवर जाऊन बसत. उन्हाळ्यात ओल्या चादरी पांघरून बाहेर झोपायचो, असं कुणी सांगितलं की त्या म्हणत, "आम्हीही गच्चीवर असंच झोपायचो की." मग ती माणसं मोकळी होत.

"काकू, हे सगळं लिहून काढा ना," मी म्हणायचो.

"लिहीन रे. आधी ऐकून तर घेऊ दे. ही माणसं काही माझ्यासाठी थांबणार नाहीत."

त्या काळातलं मातीच्या विटांचं एकच घर उरलं होतं, काकू जिच्या ओसरीवर सगळ्यात जास्त बसत त्या म्हाताऱ्या क्लाराचं. क्लारा वारल्यावर ते विकलं गेलं आणि नवा मालक ते पाडायला निघाला. गावच्या सभेत काकू बोलणार होत्या. त्याआधीच त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि इंग्रजीही गेलं. मराठी तेवढं राहिलं.

तरी त्या सभेला आल्या. त्या मराठीत बोलायच्या आणि मी इंग्रजीत सांगायचो. "या ओसरीवर क्लारानं तापानं फणफणलेली पोर जगवली," त्या म्हणाल्या. मी मात्र सपाट इंग्रजीत एवढंच सांगितलं की इथे एक मूल आजारी होतं, ते बरं झालं. तेवढ्यात वेळ संपली. अध्यक्षांनी अदबीनं आभार मानले. काही दिवसांत घर पाडलं.

ती पोर म्हणजे क्लाराची मुलगी रूथ. आता त्याही थकल्यात. त्या काकूंना भेटायला हॉस्पिटलमध्ये आल्या. "आई मला काही सांगायची नाही. सगळं हिलाच सांगायची," त्या मला म्हणाल्या.

काकूंनी त्यांचा हात धरला आणि बोलायला लागल्या. तोवर दुसरा झटका येऊन गेला होता. विहीर, कालवा, कापसाची बोंडं, कुणाचं तरी बाळंतपण, सगळं एकात एक मिसळत होतं. मधूनच "क्लारा" ऐकू आलं की रूथ पुढे सरकायच्या आणि माझ्याकडे बघायच्या.

"काय म्हणतेय ती?"

मी दोन-चार वाक्यं सांगितली. मग मलाच कळेना, हे क्लाराचं की नागपूरच्या कुणाचं. काकू बोलतच राहिल्या.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. रूथ दुकानात भेटल्या की अजून विचारतात, "आणखी काही आठवलं का?" मला पुष्कळ आठवतं. त्यातलं त्यांच्या आईचं कुठलं, ते मात्र सांगता येत नाही.