बाळूदादानं थांबवलेलं हेलिकॉप्टर

डेअरीवर दूध घालून परतलो आणि वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठंनात..." एवढंच बोलल्या. राजुरीत आमची घरं शेजारीच, मधे नुसता एक बांध. पण तो ओलांडायला मला दीड वर्ष लागलं, आणि गेलो तेव्हा बाळूदादा अंगणात आडवा होता. रडू आलं नाही. दादाला जाऊन दीड महिना झाला, अजूनही येत नाही...

बाळूदादा माझा थोरला चुलतभाऊ. हेलिकॉप्टरच्या दुरुस्तीत त्याची उभी हयात गेली. रिटायर होऊन गावी आला, तरी कुणाचीही गाडी दारात लागली की खाली वाकून बघायचा. आम्ही लई चेष्टा करायचो त्याची.

माझ्या सागरच्या लग्नात मी हौसेनं हेलिकॉप्टर ठरवलं. नवरदेव नवरीच्या गावी, डिंगोऱ्याला उडत जाणार! बायकांनी हेलिकॉप्टरची पूजा केली, हळदीकुंकू लावलं, पाणी ओवाळून टाकलं. सागर आत बसला. तेवढ्यात खालच्या दांडीवर लाल थेंब दिसले. सगळ्यांना वाटलं, कुंकवाचं पाणी. दादानं बोट लावलं, चोळलं, वास घेतला.

"कुंकू न्हाई हे. हायड्रॉलिकचं तेल हाय. पोराला खाली उतरव."

"दादा, शुभकार्यात खोडा घालू नको!" मी ओरडलो.

"आरं, वर गेल्यावं हे तेल संपलं तर पायलटच्या हातातली काठी दगडावानी जड व्हती. पंखा फिरतो, पण यंत्र ऐकत न्हाई. मग काय करशील?"

पायलटनं झाकण उघडून पाहिलं आणि उड्डाण रद्द केलं. नवरदेव जीपमधून गेला. पाहुण्यांत हसं झालं. चार लोकांत माझं नाक कापलं म्हणून मी दादाशी बोलणं टाकलं. पोरगं कशातून वाचलं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण मी पडलो हेकट! बांधावर तो "काय राव" म्हणायचा आणि मी पाण्याची मोटार चालू करायच्या निमित्तानं पाठ फिरवायचो.

परवा कपाट आवरताना लग्नातल्या मानपानाची एक पिशवी निघाली. टॉवेल, टोपी, पँटपीस. वर सागरच्या अक्षरात चिठ्ठी, 'बाळूकाका'. थोरल्या चुलत्याचा मान. रागाच्या भरात मीच मागं ठेवला होता.

"पप्पा, काकूंना देऊन येऊ?" सागरनं विचारलं.

"काकू काय टोपी घालणार हाय व्हय?" मी खेकसलो.

तो बाहेर गेला. मी टोपी हातात घेतली. दुकानात मीच निवडली होती, दादाच्या मापाची. तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.