वाणात गेलेल्या पिशव्या

लग्न होऊन मी नाशिकहून ग्वाल्हेरला आले, त्याच वर्षी राज्यांची फेररचना झाली आणि शहराच्या लष्कर भागातल्या सरकारी कचेऱ्या एकेक करून भोपाळला निघाल्या. आमच्या गल्लीच्या टोकाची कचेरीही गेली. तिच्याबरोबर माळी गेले. मागे उरली कचेरीची बाग आणि आमच्या आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. विशीत विधवा होऊन माहेरी परतलेल्या. घरात त्यांचा आवाज कधी चढत नसे, बागेत मात्र तो नाक्यापर्यंत ऐकू जाई. दर रविवारी तिथे श्रमदान चाले: दोन पेन्शनर, चार शेजारणी आणि मी. मला तण आणि रोप यातला फरक कळायला महिना लागला. तोवर मी जे उपटलं, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

पाण्याची मोठी पंचाईत होती. नळ रस्त्यापलीकडे, आणि बादल्या वाहून आमचे हात मोडत.

"इथली गर्मी तू पाहिली नाहीस अजून," आत्याबाई मला म्हणाल्या. "लांब रबरी नळी नाही आली तर वैशाखात सगळं सुकून जाईल. मग मी जायचं तरी कुठे गं?"

युक्तीही त्यांचीच. मांजरपाटाच्या पिशव्या शिवायच्या, त्यांच्यावर गुलाबाचा ठप्पा, खाली 'लष्करची बाग', आणि चार-चार आण्यांना विकायच्या. माझं पहिलं संक्रांतीचं हळदीकुंकू जवळ आलं होतं. अख्खी गल्ली येणार होती. "मी तर बाहेर येणार नाही," त्या सहज म्हणाल्या, "तेव्हा विकायचं काम तुझं."

मी काळं लुगडं नेसून, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसले. सासूबाईंनी वाण म्हणून फण्या आणल्या होत्या. पिशव्यांचा ढीग मी नेमका त्या ताटाला खेटून ठेवला. पहिल्या आल्या समोरच्या काकू. कुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला, फणीकडे ढुंकूनही न बघता पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "वा! वाण तर एकदम बढिया आहे!"

आता सांगा, कपाळाला कुंकू लावलेल्या बाईला "चार आणे द्या" असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? मागच्यांनी काकूंचं पाहून तेच केलं. दिवेलागणीला पिशवी एकही उरली नव्हती आणि फण्या सगळ्या जागच्या जागी होत्या.

मागच्या पडवीत आत्याबाई वाट पाहत होत्या. "सगळ्या खपल्या?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला रडूच कोसळलं. हुंदके देत मी सगळं सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हसू थांबल्यावर मात्र त्या बराच वेळ बागेच्या दिशेला बघत बसल्या.

रविवारी आम्ही बादल्या घेऊन बागेत गेलो, तर काकू दारात उभ्या. त्यांच्यामागे हळदीकुंकवाला आलेल्या निम्म्या बायका.

"सूनबाई, सांगायचं तरी! काल बाड्यावरच्या बाजारात भाजीवालीने विचारलं, ही थैली कितीला घेतली? तेव्हा तुमच्या सासूबाईंना विचारलं, मग कळलं काय चक्कर आहे." काकूंनी हातातली पिशवी छातीशी धरली. "पण वाणाचे पैसे कोणी देत नाही. अपशकुन असतो. तेव्हा ही तर माझीच झाली. आता दुसरी द्या, विकत."

सगळ्यांना दुसरी हवी होती. कुणाला भोपाळला बदली झालेल्या लेकीसाठी आणखी एक. आत्याबाईंचं मशीन पंधरा दिवस थांबलं नाही. होळीच्या आत नळी आली, आणि ती पहिल्यांदा सुरू केली तेव्हा दोन्ही पेन्शनर नखशिखांत भिजले. त्यांचं म्हणणं, आत्याबाईंनी मुद्दाम केलं. माझंही तेच म्हणणं आहे.

त्याच दिवशी काकूंनी विकत घेतलेली पिशवी तिळगूळ घालून आत्याबाईंपुढे धरली. "घ्या. हे तुमचं वाण."

आत्याबाईंचे हात चिखलाचे होते. त्यांनी ते लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि तरी पुढे होईनात. शेवटी काकूंनीच पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवली.

"संक्रांत होऊन जमाना झाला," आत्याबाई कशाबशा म्हणाल्या.

"मग पुढच्या वर्षी वेळेवर या," काकू म्हणाल्या. "बाहेरच्या खोलीत."