कोपरच्या गॅलरीतलं फेझ

माझ्या बायकोच्या मामांइतका फेझमध्ये मुरलेला माणूस खुद्द फेझमध्येही सापडायचा नाही, आणि मोरोक्कोतल्या त्या जुन्या शहरात मामा राहिलेत जेमतेम आठवडाभर. डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात ते नोकरीला होते. फेझमधल्या चामडं रंगवणाऱ्यांना आपले रासायनिक रंग विकून या, म्हणून साहेबांनी त्यांना धाडलं. एक डबा विकला असेल तर शपथ! उलट दगडी हौदांत उतरून पायांनी कातडी तुडवणारे कारागीर, तो भयंकर दर्प आणि त्यावर उतारा म्हणून पाहुण्याच्या हाती दिलेली पुदिन्याची काडी, एवढ्यावर मामा जे भारावले ते कायमचे. आजही घराजवळच्या, कोपरच्या बाजारात ते नाकाशी पुदिना धरून उभे राहतात. मासेवाली एकदा वैतागून म्हणाली, "काका, म्हावरा घ्याचा हाय का नुसता वास?"

कबुतरांचंही तेच. बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या गॅलऱ्यांना जाळ्या लागल्या, मामांची तेवढी सताड उघडी. फेझमध्ये कातडं मऊ करायला कबुतरांची विष्ठा वापरतात, हे त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "मग आमच्याकडची पण घेऊन जा ना."

मामींसाठी मात्र ही थट्टा नव्हती. "रिटायर झालो की तुला फेझ दाखवतो," असा शब्द मामांनी दिला होता आणि मामींनी हौसेने पासपोर्टही काढून ठेवला होता. मग मामींचे गुडघे गेले. फेझच्या जुन्या गावात गाडी शिरत नाही. बोळच एवढे अरुंद, की पायी चाला नाहीतर खेचरावर बसा. "मी बसेन की खेचरावर," मामी म्हणाल्या. मामांना ते काही पटेना. पासपोर्टची मुदत संपली, आणि दिलेला शब्द मामांना आतून खात राहिला.

शेवटी त्यांनी फेझच कोपरला आणायचं ठरवलं. गॅलरीच्या भिंतीवर झेलीज करायचं. झेलीज म्हणजे रंगीत फरशीचे छिन्नी-हातोडीने बारीक तुकडे पाडायचे आणि त्यांची चांदण्यांची नक्षी जुळवायची. गंमत अशी, की कारागीर ती पालथी जुळवतात. रंगीत बाजू जमिनीकडे, मातकट पाठ वर. पाठीवर सिमेंट ओतायचं, सुकलं की उचलायचं, तेव्हा काय ते दिसणार. हात बसावा म्हणून मामांनी आधी आपल्या जुन्या मोरीच्या गुलाबी फरश्या फोडल्या. मग कल्याणहून हिरव्या-निळ्या फरश्या आणल्या. दुपारभर ठकठक चालायची. खालच्या वहिनी वर येऊन हात जोडून गेल्या. मामा बधले नाहीत. "एक तुकडा जरी चुकला तरी सगळं फोडून पुन्हा करणार. फेझचा कारागीर हेच करेल," असं ते बजावायचे, आणि ते बोलले म्हणजे करणारच.

उचलायच्या दिवशी मी आणि शेजारचे काका मदतीला गेलेलो. तिघांनी मिळून सुकलेली सिमेंटची लादी उभी केली. हिरव्या-निळ्या चांदण्या काय झळकल्या! आणि बरोब्बर मधल्या चांदणीच्या पोटात मोरीचा गुलाबी तुकडा!

मामींचा चेहरा उतरला. "अहो, तो मी ठेवला. तुम्ही पंप लावायला खाली गेलेलात, माझी काठी लागून एक तुकडा गॅलरीतून खाली पडला. तुकड्यांच्या बादलीत त्याच आकाराचा दुसरा मिळाला. मागून सगळे सारखेच दिसतात हो."

मामांनी हातोडी उचलली. शेजारचे काका दोन पावलं मागे सरकले. मामांनी बराच वेळ त्या गुलाबी तुकड्याकडे पाहिलं, मग मामींच्या काठीकडे. हातोडी पिशवीत घातली आणि मला म्हणाले, "जावईबापू, भिंतीला लावायला धरा जरा."

परवा संध्याकाळी गेलो तेव्हा दोघं गॅलरीत खुर्च्या टाकून बसलेले. मामांचं बोट नक्षीवरून हळूहळू चाललं होतं. "हा गावाचा दरवाजा, बाहेरून निळा, आत शिरलं की हिरवा. हे जुनं विद्यापीठ, एका व्यापाऱ्याच्या लेकीने उभारलेलं. हा तांबटांचा चौक, ऐक किती ठोकतायत." बोट गुलाबी तुकड्यापाशी येऊन थांबलं.

"आणि हे काय?" मामींनी विचारलं.

"इथे जरा बसू," मामा म्हणाले. "फार चाललीस आज."