डावीकडे कललेला आवाज

कवळीवाल्याशी कुणाचं पटत नसे, आणि कुणाशी पटवून घ्यावं असं त्यालाही कधी वाटलं नाही. दिवसभर तो एका लॅबमध्ये खोटे दात बनवायचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवत. हा त्यांवरून प्लास्टरचे साचे करायचा, मेणात दात बसवायचा आणि शेवटी तयार कवळी घासायच्या मशीनवर धरून तिच्या कडा गुळगुळीत करायचा. एखाद्या डॉक्टरने नीट माप पाठवलं, असं त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. एक घाई करतो, दुसरा पेशंटला धड तोंड उघडायला सांगत नाही, तिसऱ्याने खरं तर भाजी विकायला हवी होती. लॅबमधली बाकीची माणसं जेवायला बाहेर जिन्यावर जाऊन बसत. आत पंखा होता, टेबल होतं, पण कवळीवालाही होता.

या माणसाला जगात एकाच ठिकाणी मान होता, आणि ते ठिकाण म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका बाईंच्या दुकानामागची खोली. एक रविवार सोडून एक तिथे मूठभर माणसं जमत. हेडफोनसाठी घरच्या घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवणं हा सगळ्यांचा नाद. गाणं वाजवणारं यंत्र आणि हेडफोन यांच्या मध्ये हा अ‍ॅम्प बसतो आणि आवाजाला जोर देतो. बाजारात तयार मिळतो, पण विकत आणणाऱ्याला इथे चहासुद्धा मिळाला नसता. कुणी तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवून आणी, कुणी जुन्या टेबलघड्याळाच्या खोक्यात. खोलीत सोल्डरच्या धुराचा वास, टेबलभर वायरींचे तुकडे, आणि एकेक जण हेडफोन लावून डोळे मिटून बसलेला. घरी हीच माणसं बिलं भरत होती, बोलणी खात होती. इथे एखादा खर्जातला स्वर स्वच्छ वाजला की त्यांचे चेहरे निवळत.

खोलीचा नियम बाईंनी घालून दिलेला: झाकण उघडं, तोंड बंद. म्हणजे ज्याचा अ‍ॅम्प टेबलावर येईल त्याने झाकण काढून आतलं सगळं दाखवायचं, आणि सगळ्यांचं ऐकून होईपर्यंत स्वतः चकार शब्द काढायचा नाही. नंतर सगळे कवळीवाल्याकडे बघत. त्याचा कान हा त्या खोलीतला शेवटचा शब्द. पूर्वी तो कान खरोखर तसा होताही. कुठला तुकडा नीट जुळलेला नाही, हे तो झाकणात न डोकावता सांगायचा. मीटर लावून मोजणाऱ्यांची त्याला कीव यायची. मीटरला गाणं कळतं का, असं तो विचारायचा, आणि उत्तराची वाट बघायचा नाही.

पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. एका स्कूलबस ड्रायव्हरचा पहिलावहिला अ‍ॅम्प ऐकून, बादलीत तोंड घालून गाणारा माणूस तू कुठून शोधलास, असं त्याने सगळ्यांदेखत विचारलं. गेल्या काही वर्षांत तर त्याचं एकच पालुपद झालं होतं. कुणाचाही अ‍ॅम्प लावा, हा हेडफोन काढून म्हणायचा, "डावीकडे कलतोय." गाणाऱ्याचा आवाज डोक्याच्या मधोमध यायला हवा, तो डावीकडे सरकलाय. ड्रायव्हरने बिचाऱ्याने हा म्हणेल तसे रेझिस्टर बदलले आणि उजवी बाजू जोरकस केली. मग हा म्हणाला, आता जमलं. ड्रायव्हरला स्वतःला तो आवाज आता उजवीकडे सरकलेला वाटायचा, पण आपलाच कान अडाणी, असं म्हणून तो गप्प बसला. बाईंनाही कवळीवाल्याने हेच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, माझं गाणं कलू दे, मीही आता जरा कलूनच चालते.

साडूला मात्र हे हसण्यावारी नेता आलं नाही. कवळीवाल्याच्या मेव्हणीचा नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. दोन पारडी सारखी असणं हाच त्याचा धंदा आणि हाच त्याचा स्वभाव. काही वर्षांपूर्वी त्याने आणलेल्या अ‍ॅम्पच्या दोन्ही बाजू मीटरवर तंतोतंत सारख्या भरत होत्या. कवळीवाल्याने तो ऐकला आणि म्हणाला, डावीकडे कलतोय. हा माणूस काटे दुरुस्त करत असेल तर आपल्याला भाजी रोज कमीच मिळते. सगळे हसले. साडूने घरी जाऊन अ‍ॅम्प उसवला, पुन्हा जोडला, पुन्हा उसवला. दोष सापडेना. त्यानंतर तो खोलीवर येत राहिला, पण त्याचा अ‍ॅम्प पिशवीतून टेबलावर कधी आला नाही. त्याची बायको बहिणीच्या घरची पायरी चढेनाशी झाली. दोघी बहिणी बाजारात कुठेतरी उभ्या उभ्या भेटत, आणि कवळीवाल्याची बायको घरी येऊन भांडी जरा जोरातच ठेवी.

अखेर ड्रायव्हरच एकदा बोलला. दुसऱ्यांचं झाकण उघडून बघणं सोपं आहे, तुमचं स्वतःचं टेबलावर येऊन किती वर्षं झाली, असं त्याने विचारलं, आणि कुणी त्याला गप्प केलं नाही. कवळीवाल्याला ते झोंबलं. त्याने बरेच महिने खपून एक अ‍ॅम्प बनवला. दात बसवणारे हात ते. वायरींची एकेक वळणं बघत राहावीत अशी. मीटरला त्याने हात लावला नाही. एकच आवडीचं गाणं लावून, उजव्या बाजूचा जोर हळूहळू वाढवत, आवाज बरोबर मधोमध येईपर्यंत तो कानाने जुळवत राहिला. हा अ‍ॅम्प जिंकला तर आपला कान राहणार, आणि हरला तर आपण नुसते तोंडाळ कवळीवाले, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या रविवारी त्याने झाकण काढलं तेव्हा सगळे खरोखरच वाकून बघत राहिले. साडूसुद्धा. मग हेडफोन फिरू लागला. पहिल्याने ऐकलं आणि भुवया जवळ आणल्या. दुसऱ्याने हेडफोन काढून तो उलटसुलट करून पाहिला. ड्रायव्हरने ऐकलं आणि तो बाईंकडे बघू लागला. कवळीवाला नियमाप्रमाणे तोंड मिटून बसला होता, पण त्याची मान लाल व्हायला लागली होती. बाईंनी सगळं गाणं ऐकलं. आवाज सुरेख आहे, त्या म्हणाल्या, इतका स्वच्छ या टेबलावर आजवर आला नसेल. पण गाणारा माझ्या उजव्या खांद्यावर येऊन बसलाय.

मग काय, त्याचं तोंड सुटलं. हेडफोन बिघडलाय म्हणाला. दुसरा आणला, तिसरा आणला, सगळ्यांना गाणारा उजवीकडेच सापडला. मग तो म्हणाला, तुमचे कान मीटर बघून बघून सडलेत. तुम्हा सगळ्यांचे अ‍ॅम्प डावीकडे कलतात, मी वर्षानुवर्षं ओरडतोय, आता सरळ आवाज ऐकवला तर तो तुम्हाला वाकडा वाटतो. यात वाईट असं की तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखर तसंच ऐकू येत होतं.

सगळ्यांचे डावीकडे आणि याचा एकट्याचा उजवीकडे, हा हिशेब साडूच्या डोक्यात जुळला असावा. त्याने पिशवीतून स्वतःचा जुना अ‍ॅम्प काढला, मीटर लावून दोन्ही बाजू सारख्या असल्याचं बाईंना दाखवलं आणि हेडफोन कवळीवाल्यापुढे धरला.

"ऐका. गाणारा कुठे आहे?"

"डावीकडे. तेव्हाही डावीकडे होता, आजही डावीकडेच आहे."

"आता मी मागे उभा राहून हेडफोन उलटा घालतो, साडूबुवा. माझा अ‍ॅम्प वाकडा असेल तर गाणारा उजवीकडे जाईल."

आणि नाही गेला तर काय, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. नवीन येणाऱ्या माणसाला या खोलीत पहिल्याच दिवशी हेच शिकवत: आवाज कलला तर हेडफोन उलटा घालून बघ, दोष यंत्रात असेल तर आवाज बाजू बदलेल, नाही बदलला तर दोष तुझ्या कानात. ड्रायव्हरला हे शिकवलं होतं ते कवळीवाल्यानेच, आणि शिकवताना त्याला मठ्ठ म्हटलं होतं. फक्त स्वतःवर ही परीक्षा करून बघावी असं त्याला कधी सुचलं नाही. मोजायचा गजच सरळ आहे की नाही हे बघायचं कशाला, असा त्याचा खाक्या.

साडूने मागून हेडफोन काढला, हातात फिरवला आणि पुन्हा त्याच्या कानांवर बसवला. गाणं तेच. गाणारा डावीकडेच. तसूभरही हललेला नव्हता.

घासायचं मशीन लॅबमध्ये कवळीवाल्याच्या उजव्या हाताला होतं. इतकी वर्षं ते त्याच्या उजव्या कानात किंचाळत होतं, आणि कानात कापसाचे बोळे घालून बसणाऱ्यांना तो नाजूक बाहुल्या म्हणत आला होता. सगळं एका क्षणात त्याच्या लक्षात आलं. समोर बाई होत्या, ड्रायव्हर होता, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. आपल्याला काय ऐकू येतं हे आपल्याशिवाय कुणाला कळणार, असा विचार त्याने केला, आणि तो ताठ बसून म्हणाला, "उजवीकडे गेला."

ड्रायव्हर खाली जमिनीकडे बघू लागला.

"मी हेडफोन उलटा केलाच नव्हता," साडू म्हणाला. "होता तसाच परत घातला. सगळ्यांनी पाहिलंय. तुमच्या कानाबद्दल मला शंका होती. तोंडाबद्दल नव्हती."

कवळीवाला खरं बोलला असता तर, हेडफोन फिरलाच नसल्यामुळे, त्या क्षणी काहीच सिद्ध झालं नसतं. मेला तो स्वतःच्या शहाणपणाने. त्याने हेडफोन डोक्यावरून काढला, आतली डावं-उजवं दाखवणारी अक्षरं नीट बघितली, सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने उलटा केला आणि घातला. बराच वेळ ऐकलं. मग टेबलावर ठेवला, आणि काय ऐकू आलं ते कुणाला न सांगता उठून चालू पडला. बाईंनी हाक मारली, अ‍ॅम्प तरी घेऊन जा म्हणाल्या. तो थांबला नाही. मागे साडूने मीटर काढलं आणि तो सुंदर अ‍ॅम्प सरळ करायला घेतला, यात माया किती आणि सूड किती हे त्याचं त्यालाच ठाऊक.

घरी पोहोचेपर्यंत बायकोला सगळं कळलं होतं. बहिणीचा फोन येऊन गेला होता. स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकणारा पंखा घरघरत होता. तिने मुकाट्याने ताट वाढलं आणि त्याच्या डावीकडच्या खुर्चीवर बसली.

तो सुरू झाला. साडू कपटी आहे, ड्रायव्हर नमकहराम आहे, बाईंना आता ऐकू येत नाही. ती ऐकत होती. शेवटी तो थांबला आणि त्याने हळूच विचारलं, तुला कधी जाणवलं होतं का.

"माझी बहीण या घरात यायची थांबली, त्याच्याही आधीपासून मी डावीकडे बसते," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? तुम्हाला? तुमचा कान चुकतोय म्हणून? मी या घरात राहते हो."

ती उठली, स्वतःचं ताट उचलून टेबलाला वळसा घालून त्याच्या उजवीकडे येऊन बसली, आणि खाली बघतच काहीतरी बोलली. पंखा घरघरत होता. तिचे ओठ हलताना त्याला दिसले.

"काय म्हणालीस?"

ती जेवू लागली. पुन्हा काही तिने सांगितलं नाही.