सर्वोची गती आणि ह्यांचा उजवा हात

हे गेले. आज पहाटे.

आणि मला आधी झोप लागली.

रडू नंतर आलं. आधी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला. जाऊबाईंनी हलवून उठवलं. ज्याला नावं ठेवायची असतील त्याने खुशाल ठेवा. किती वर्षांचं जागरण साठलंय ते माझं मला माहीत.

फोन करू नका, उचलणार नाही. "नक्की काय झालं होतं?" हे प्रत्येकाला सांगायची ताकद नाही, म्हणून एकदाच इथे लिहितेय.

कंपवात. पार्किन्सन्स. सुरुवात उजव्या हातापासून.

नव्वदच्या दशकात आमच्या शेणव्याच्या घरात विमानं बनायची. रिमोटवर उडणारी. हे नोकरीला रेल्वेत, कसाऱ्याला सिग्नलच्या कामावर, पण जीव सगळा त्या बाल्साच्या हलक्या लाकडात. पंखांना रंगीत फिल्म मी इस्त्रीने चिकटवून द्यायचे. इंधनात एरंडेल असायचं. ह्यांचे शर्ट कितीही घासले तरी तो वास जायचा नाही.

जोडीदार एकच. मुरबाडचे पंढरी भावजी, रेडिओ-टेप दुरुस्त करणारे. भात कापून शेतं मोकळी झाली की रविवारी दोघं हजर.

तेव्हा त्यांची मोठी डोकेदुखी होती फ्लॅप. म्हणजे पंखामागच्या पट्ट्या. उतरताना त्या खाली करायच्या, की विमान हळू होतं. पट्ट्या हलवते विमानाच्या पोटातली काडेपेटीएवढी मोटर. तिला सर्वो म्हणतात. तो सर्वो एका झटक्यात फिरायचा, विमान नाक वर करून उसळायचं आणि बांधावर आपटायचं.

"रेल्वेचा फाटक कसा येतो? सावकाश. धाडकन आला तर खालचा माणूस मरंल," हे म्हणाले. "पंढरी, सर्वोला जरा हळू चालायला शिकव रे."

भावजींनी एक छोटं सर्किट बनवलं. रिमोटचा इशारा झेलणारा रिसीव्हर आणि सर्वो यांच्या मधे ते लावायचं. रिमोटची दांडी कितीही जोरात ढकला, सर्वो आपला सावकाश फिरणार. विमान पाळण्यातून उतरल्यासारखं खाली आलं. त्या दिवशी दोघं वरातीत नाचतात तसे नाचले.

मग काही वर्षांनी हात थरथरायला लागला.

रिमोट धरलेला अंगठा थरथरला की वर विमान थरथरायचं. आख्खा गाव बघायचा. ह्यांनी उडवणं सोडलं. लग्नाकार्याला जाणं सोडलं. गेलेच तर उजवा हात खिशात. चहा दिला तर "नको, पित्त होतं."

पित्त कसलं? कपबशी वाजेल ही भीती.

एकदा स्वतःच भावजींना म्हणाले, "तो फ्लॅपचा सर्किट बाकीच्या सर्वोंनापन बसव. माझ्या हाताचा काप वरपर्यंत जायाच नको."

बसवलं. विमान वळवणाऱ्या, वर-खाली करणाऱ्या सगळ्या सर्वोंना. थरथर मधेच जिरायची. फक्त विमान आळशी झालं. वळायचं तर आधी दांडी द्यायची आणि वाट बघायची. सिद्धगडाकडून वारा आला की सावरायला वेळ नसायचा. म्हणून सकाळी सकाळी, पान हलत नसताना उडवायचे.

पण उडवायचे! घरात पुन्हा एरंडेलाचा वास यायला लागला. मला किती बरं वाटलं काय सांगू.

हात मात्र अजून खिशातच. रिमोट ठेवला की खिशात.

एका रविवारी बांधावर गर्दी होती. विमान लोण्यासारखं फिरत होतं. शेजारचे तुकाराम तात्या मोठ्याने म्हणाले, "दामू, हात काय थिर झाला रे तुझा! औषधाचा गुण आला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या.

ह्यांचा चेहरा उतरला. विमान खाली घेतलं, पंख बांधलेले रबर काढले, आतली सर्किटं उपटली. एक फ्लॅपचं तेवढं ठेवलं.

"वैनी, सांगा त्यांना," भावजी घाबरून म्हणाले.

"अहो, कशाला? लोक बघतायत."

"बघू दे गो. खोटी शाबासकी नाय पायजे मला. माझा हात जसा हाय, तसा उडवनार."

आणि उडवलं. सगळ्यांसमोर. विमान नुसतं कापत होतं, ताप चढलेल्या पोरासारखं. भावजी रिमोट घ्यायला हात पुढे करून उभे. ह्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मला राग आला होता. हात इतका झाकला, आणि आता स्वतःच चव्हाट्यावर मांडतायत. मी पदर तोंडावर धरून रडले.

विमान उतरलं. उतरलं म्हणजे काय, दोन उड्या मारून आडवं झालं, पंख मोडला. तात्यांनी चहाचा पेला पुढे केला.

ह्यांनी उजव्या हाताने घेतला. अर्धा चहा शर्टावर सांडला. अर्धा प्यायले.

"सुमन, अजून थोडा हाय काय गो?"

त्या दिवसानंतर हात खिशात गेला नाही. लग्नं, बारशी, गावकीच्या बैठका, सगळीकडे गेले. सांडत, हसत, जेवत. धुवायला मी होतेच.

पुढची वर्षं फार कठीण होती. शेवटी शेवटी भरवायचं, कूस बदलायची, रात्री तो हात माझ्या हातात धरून झोपायचं. त्यांची थरथर माझ्या खांद्यापर्यंत यायची. देवा, एक रात्र तरी हा हात शांत राहू दे, असं मी कितीदा म्हटलं असेन.

आज सकाळी लोक दर्शनाला आले. कुणीतरी म्हणालं, "किती शांत दिसतायत."

मी फुलांखालून तो हात काढून हातात घेतला. बराच वेळ धरून बसले.

हलला नाही.

मला शांत नको होता हो. मला तसाच हवा होता.

पंढरी भावजी पायाशी बसून आहेत, उठत नाहीत. मी आता पडते थोडी.

अहो, तुम्हाला जा म्हणवत नाही. या. सावकाश या.